खमिराचा पाठ : घरी भाजलेला पाव

शास्त्रपाठ : मत्तय १३:३३, लूक १३:२०-२१, निर्गम १२:१५-२० व ३३-३९, लेवीय २३:१५-१७, १ करिंथ ५:६-८.

पाठांतरासाठी वचन : मत्तय १३:३३.

पाठाचा उद्देश : खमीर पिठात कसे काम करते हे मुलांना प्रत्यक्ष दाखविणे; त्यावरून देवाचे राज्य माणसाच्या अंतःकरणात कसे वाढते हे समजावून देणे; आणि आपण स्वतः आपल्या घरात व मंडळीत कोणते खमीर ठेवीत आहो, याचा विचार करणे.

प्रस्तावना

बडोद्याजवळचे बाजवा हे आमचे गाव. अहमदाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बडोदे सोडले की हे स्टेशन लागते. एका बाजूस १९६२ साली स्थापन झालेल्या खत कंपनीची वसाहत, दुसऱ्या बाजूस १९६५ साली सुरू झालेला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना. बडोद्यात मराठी माणूस गायकवाडांच्या काळापासून आहे. पण बाजव्यासारख्या ठिकाणी आमच्यातील बहुतेक कुटुंबे आली ती रेल्वेच्या व कारखान्यांच्या नोकरीनिमित्त. येथे मराठी ख्रिस्ती घरे थोडी. म्हणून शब्बाथशाळेचा वर्ग कोणाच्या तरी घरीच भरतो. मुले शाळेत गुजराती व इंग्रजी शिकतात आणि मराठी शास्त्र वाचताना अडखळतात.

एका रविवारी खमिराचा दाखला शिकवीत असता एका मुलाने विचारले, “बाई, पीठ फुगते म्हणजे काय? आमची आई पीठ मळते आणि लगेच पोळ्या लाटते.” त्याच्या मोठ्या बहिणीचा प्रश्न याहून अवघड होता. ती म्हणाली, “मागच्या महिन्यात तुम्ही सांगितलेत की इस्राएल लोकांनी घरातले सगळे खमीर बाहेर टाकले. आज सांगता की देवाचे राज्य खमिरासारखे आहे. मग खमीर चांगले की वाईट?”

अनेक वर्षे हा दाखला शिकवूनही मला दोन्ही प्रश्नांची नीट उत्तरे देता आली नाहीत. कारण उघड होते. मी जन्मात कधी खमीर घालून पीठ मळले नव्हते. तेव्हा आधी पाव भाजावा आणि मग पाठ शिकवावा, असे ठरविले.

आमची भाकर व शास्त्रातील भाकर

मराठी शास्त्रात जेथे जेथे भाकर हा शब्द येतो तेथे आपल्या डोळ्यांपुढे ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी उभी राहते. भाषांतर करणाऱ्यांनी हा शब्द योग्यच निवडला, कारण तो गरिबाच्या ताटातला आहे. परंतु आपली भाकरी बेखमीर असते. ज्वारी-बाजरीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. त्यात खमीर घातले तर पीठ आंबेल, पण पावासारखे फुगून राहणार नाही. म्हणून आमच्या मुलांना भाकर ठाऊक असते, पण खमीर ठाऊक नसते.

तरीही तुलनेसाठी दूर जावयास नको. दुधाला लावलेले विरजण, आंबोळीचे पीठ, जिलबीचे पीठ ही आपल्या घरचीच उदाहरणे आहेत. गुजरातेत तर ढोकळ्याच्या व हांडव्याच्या भिजवलेल्या पिठाला लोक आथो म्हणतात आणि तो रात्रभर झाकून ठेवतात. मी शेजारच्या बेनकडून आथ्याचे भांडे मागून आणले व मुलांना वास घ्यावयास लावला. खमीर म्हणजे काय याची अर्धी कल्पना त्यांना तेथेच आली.

पाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. गोव्यात यीस्ट मिळत नसे तेव्हा माडाची सुर घालून पीठ आंबवीत. तेथील पोदेर म्हणजे पाववाले आजही लोकांच्या आठवणीत आहेत. पुढे गोव्याच्या व इराणी लोकांच्या भट्ट्यांतून पाव मुंबई-पुण्यात पसरला. विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यालेले सगळे गाव बाटले, अशा आख्यायिका वसईकडे सांगितल्या जातात. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याचे निमित्त होऊन लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. एके काळी भाजलेल्या मैद्याच्या तुकड्याला माणसे इतकी भीत असत! आज तोच पाव वड्याबरोबर सर्व जातिधर्मांची माणसे आवडीने खातात.

खमीर कसे काम करते

खमीर सजीव आहे. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, एकेका पेशीच्या बुरशीवर्गीय जीवांचा समूह. पिठातील साखर हे त्याचे अन्न. ते खाऊन यीस्ट कर्बवायू व थोडे मद्यार्क निर्माण करते. गव्हाचे पीठ मळले म्हणजे त्यात चिवट जाळे तयार होते. वायूचे बुडबुडे त्या जाळ्यात अडकतात आणि पीठ फुगते. आंबण्याच्या क्रियेमागे सजीव पेशी असतात हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ नंतरच्या आपल्या संशोधनाने दाखवून दिले. त्यापूर्वी हजारो वर्षे स्त्रिया पाव भाजीत होत्या. खमीर काम करते हे त्यांना ठाऊक होते, कसे करते हे मात्र ठाऊक नव्हते.

प्रभूच्या काळी यीस्टच्या पुड्या नव्हत्या. कालच्या मळलेल्या पिठाचा एक गोळा राखून ठेवीत व तो आजच्या नव्या पिठात मिसळीत. आजच्यातला गोळा उद्यासाठी राखीत. अशी ती साखळी चालत असे. हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

पाव भाजण्याची रीत

पुढील प्रमाणात दोन लहान पाव होतात.

मैदा २५० ग्रॅम. चाळलेले गव्हाचे पीठ २५० ग्रॅम. कोरडे दाणेदार यीस्ट २ छोटे चमचे, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम. साखर १ मोठा चमचा. मीठ दीड छोटा चमचा. तेल २ मोठे चमचे. कोमट पाणी सुमारे ३२५ मिलिलिटर.

१. अर्धी वाटी कोमट पाण्यात साखर विरघळवून त्यावर यीस्ट पसरावे व १० मिनिटे झाकून ठेवावे. पाणी तान्ह्या बाळाच्या दुधाइतकेच कोमट असावे. मनगटावर थेंब टाकून पाहावा. वर फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत आहे. फेस आला नाही तर पुढे जाऊ नये. नवे यीस्ट आणावे.

२. परातीत मैदा, पीठ व मीठ एकत्र करावे. मीठ यीस्टवर थेट टाकू नये, कारण मिठाने त्याचे काम मंदावते. मधे खळगा करून यीस्टचे पाणी, उरलेले कोमट पाणी व तेल घालावे. पीठ पोळ्यांच्या कणकेहून सैल असावे. पाणी सगळे एकदम ओतू नये. पीठ मागेल तसे घालावे.

३. दहा मिनिटे नेटाने मळावे. तळहाताने पुढे ढकलावे, घडी घालावी, फिरवावे, पुन्हा ढकलावे. प्रथम पीठ हाताला चिकटते. तेव्हा घाबरून जास्त कोरडे पीठ घालू नये. मळता मळता ते आपोआप मऊ व तुकतुकीत होते.

४. तेलाचा हात लावलेल्या पातेल्यात गोळा ठेवून ओल्या फडक्याने झाकावा. दुप्पट होईपर्यंत थांबावे. बाजव्याच्या मे महिन्यात पाऊण तासात काम होते. जानेवारीच्या थंडीत दोन तासही लागतात. म्हणून घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे. पिठात बोट खुपसले असता खळगा हळूच थोडा भरून आला तर पीठ तयार आहे.

५. गोळा हलक्या हाताने दाबून हवा काढावी, दोन भाग करावे, लांबट आकार देऊन तेल लावलेल्या दोन लहान डब्यांत ठेवावे. डबा अर्धाच भरावा. पुन्हा ३० ते ४५ मिनिटे झाकून ठेवावे. फार वेळ ठेवल्यास पीठ आंबट होते व भाजताना खाली बसते. वाट पाहण्यालाही मर्यादा आहे.

६. ओव्हन २०० अंश सेल्सियसवर आधी तापवून घ्यावा व पाव सुमारे ३० मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे कोरडी वाळू घालावी, वर तिवई ठेवावी, झाकण लावून १५ मिनिटे तापवावे आणि त्यात एकेक डबा ठेवून मध्यम आचेवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. असा पाव वरून फिकट राहतो, पण आतून चांगला होतो.

७. पाव डब्यातून काढून बुडावर टिचकी मारावी. पोकळ आवाज आला तर भाजला असे समजावे. जाळीवर ठेवून तासभर निवू द्यावा. गरम पाव कापला तर आत गिचगोळा होतो. मुलांना हा शेवटचा तास सर्वांत जड जातो!

माझा पहिला पाव

माझा पहिला पाव विटेसारखा झाला. लवकर फुगावा म्हणून मी पाणी चांगले कढत घेतले होते. साधारण ५५ ते ६० अंशांच्या पुढे यीस्ट मरते, हे मागाहून समजले. तीन तास झाकून ठेवलेले पीठ जसेच्या तसे होते. वरून पाहता त्यात सर्व काही होते. मैदा, मीठ, साखर, यीस्ट, मेहनतही. पण आतला जीव गेला होता.

त्या संध्याकाळी ओट्याशी उभी असताना मला माझीच एक गोष्ट आठवली. नाताळच्या कार्यक्रमाच्या खर्चावरून मंडळीतील एका भगिनीने मला चारचौघांत टोचून बोलले होते. त्याला आठ महिने झाले होते. मी तिला उलट बोलले नव्हते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. पण ज्या ज्या घरी मी गेले, तेथे ती गोष्ट थोडी थोडी सांगितली होती. कोठे एक वाक्य, कोठे नुसता सुस्कारा. तेवढ्याने तीन-चार घरांतील माणसे तिच्याशी तुटकपणे वागू लागली होती. मी रोज प्रार्थना करीत होते, वर्ग घेत होते, दाखले शिकवीत होते. आणि जुन्या पिठाचा गोळा मात्र फडक्याखाली जपून ठेवीत होते. कालच्यातला आजच्यात, आजच्यातला उद्यात.

शास्त्र काय शिकविते

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. खमीर चांगले की वाईट?

पहिली गोष्ट. मिसरातून निघताना इस्राएल लोकांना पीठ फुगेपर्यंत थांबण्यास वेळ नव्हता; मळलेले पीठ त्यांनी तसेच खांद्यावर घेतले. त्या सुटकेची आठवण म्हणून वल्हांडणाच्या वेळी सात दिवस बेखमीर भाकर खावयाची व घरातील सर्व खमीर काढून टाकावयाचे. म्हणजे जुनी साखळी तोडावयाची. दास्याच्या देशातील गोळा स्वातंत्र्याच्या देशात न्यावयाचा नाही. पौल करिंथच्या मंडळीला जे लिहितो त्याचा आधार हाच आहे. त्या मंडळीत पाप उघड असून लोक फुशारकीत होते. दुष्टपणाचे जुने खमीर काढून टाका, कारण आपला वल्हांडणाचा कोकरा जो ख्रिस्त त्याचा यज्ञ झाला आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे.

दुसरी गोष्ट. प्रभूने परूश्यांच्या खमिराविषयी सावध केले. लूक १२:१ मध्ये त्याचा अर्थ ढोंग असा दिला आहे, तर मत्तय १६:१२ मध्ये त्यांची शिकवण असा. दोन्ही गोष्टी गुपचूप पसरणाऱ्या आहेत.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. वल्हांडणानंतर पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, नव्या धान्याच्या दोन भाकरी परमेश्वरापुढे आणावयाच्या होत्या, आणि त्या खमीर घालून भाजलेल्या असाव्यात अशी आज्ञा होती. त्या वेदीवर जाळावयाच्या नव्हत्या, पण परमेश्वरापुढे सादर करावयाच्या होत्या. म्हणजे खमीर हे मुळातच अशुद्ध, असे शास्त्र म्हणत नाही.

यावरून उत्तर मिळते. खमिराचा दाखला त्याच्या काम करण्याच्या रीतीविषयी आहे. ते थोडे असते, लपलेले असते, जिवंत असते आणि सर्व गोळा व्यापल्याशिवाय थांबत नाही. ढोंग असे वाढते; अढी अशी वाढते; आणि देवाचे राज्यही असेच वाढते. खमीर कोणते घातले, एवढाच प्रश्न आहे.

दाखल्यातील स्त्रीने तीन मापे पीठ घेतले. ते सुमारे वीस किलोपेक्षा कमी नसावे. शंभरांवर माणसे जेवतील एवढे! अब्राहामाने तीन पाहुण्यांसाठी सारेला तेवढेच पीठ मळावयास सांगितले होते (उत्पत्ति १८:६). घरच्या चार माणसांसाठी कोणी एवढे पीठ मळीत नाही. देवाचे राज्य वाढते ते पंगतीसाठी. बाजव्यासारख्या ठिकाणी थोड्या घरांची मंडळी असली म्हणून खिन्न होण्याचे कारण नाही. पण आपण पिठात मिसळलेले आहो की पुडीतच राहिलो आहो, हे मात्र स्वतःला विचारावे. पुडीतील यीस्ट वर्षभर सुरक्षित राहते आणि त्याने काहीच फुगत नाही.

शिक्षकांनी येथे एक सावधगिरी बाळगावी. पाण्याचा अर्थ हा, मिठाचा अर्थ तो, असे दाखल्याला ताणीत बसू नये. प्रभूने एकच चित्र दिले आहे. तेवढे मुलांच्या मनात राहिले तरी पुरे.

तसेच प्रभुभोजनाची भाकर खमिराची असावी की बेखमीर, हा प्रश्न मोठी मुले विचारतील. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या खमिराची व रोमन कॅथोलिक मंडळी बेखमीर भाकर वापरते. अकराव्या शतकात यावरून मोठा वाद झाला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दोन्ही रीती आढळतात. ज्या मंडळीत आपण आहो तिच्या रीतीचा मान राखावा. भाकर एक आणि ती मोडून सर्वांना दिली जाते, ही गोष्ट मुख्य आहे (१ करिंथ १०:१७).

वर्गात कसे शिकवावे

वर्ग सुरू होण्यापूर्वी मूठभर पीठ यीस्ट घालून व मूठभर यीस्टशिवाय मळावे. दोन सारखे काचेचे पेले घेऊन त्यांत ते ठेवावे. पिठाच्या उंचीवर दोरा बांधून खूण करावी. पेले झाकून मुलांच्या नजरेसमोर ठेवावे. मग गीत, प्रार्थना व पाठ घ्यावा. पाऊण तासाने मुलांना पेले दाखवावे. एका पेल्यात पीठ दोऱ्याच्या वर गेलेले असेल, दुसऱ्यात तेथेच असेल. मधल्या वेळात कोणी काही केले नाही, कोणाला काही ऐकू आले नाही, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे. हिवाळ्यात पेले कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवावे. भाजण्याचे काम मोठ्यांनीच करावे. लहानांना विस्तवाजवळ जाऊ देऊ नये.

दोन पाव का

आमच्या वर्गाने दुसऱ्या खेपेस दोन चांगले पाव भाजले. एक मुलांनी तेथेच वाटून खाल्ला. दुसरा कोणाला द्यावयाचा, असे मुलांनी विचारले. मी नाव सांगितले तेव्हा मोठी मुले एकमेकांकडे पाहू लागली. त्यांना सर्व ठाऊक होते! मुलांना काही कळत नाही हा आपला भ्रम असतो.

तो पाव घेऊन मी एकटीच गेले. दार उघडल्यावर काय बोलावे ते सुचेना. तिने पाव हातात घेतला, तो अजून कोमट होता. मी म्हणाले, “ताई, आठ महिने मी तुमच्याविषयी लोकांत बोलत आले. माझे चुकले.” तिने लगेच क्षमा केली असे नाही. तिने चहा केला आणि आम्ही बराच वेळ दुसऱ्याच विषयांवर बोललो. पुढच्या घरांतही मला एकेक करून जावे लागले. जेथे जेथे खमीर टाकले होते तेथून ते काढणे टाकण्याहून कितीतरी कठीण होते. अजून सर्व पूर्ववत झाले आहे असे म्हणवत नाही. पण नवे पीठ मळले गेले आहे आणि ते झाकून ठेवले आहे. फुगविणे आपल्या हाती नाही.

मननासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. वल्हांडणाच्या वेळी खमीर काढून टाकण्यास का सांगितले होते? पेंटेकॉस्टच्या भाकरींत ते का चालत असावे?

२. प्रभूने परूश्यांच्या कोणत्या गोष्टींस खमीर म्हटले? त्या आपल्या घरांत कोणत्या रूपाने येतात?

३. दाखल्यातील स्त्रीने इतके पीठ का घेतले असावे?

४. आपल्या मनात जपून ठेवलेला जुना गोळा कोणता? तो टाकण्यासाठी या आठवड्यात कोणाच्या दाराशी जावे लागेल?

५. आपल्या वस्तीतील कोणत्या घरी दुसरा पाव द्यावा?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू जीवनाची भाकर आहेस. आमच्या अंतःकरणातील जुने खमीर आम्हांला दाखव आणि ते टाकण्याचे धैर्य दे. तुझे राज्य आमच्यामध्ये गुप्तपणे व नेमाने वाढू दे. वाट पाहण्यास आम्हांला शिकव, आणि जे तू वाढवितोस ते वाटून खाण्यासही शिकव. आमेन.